सिरसाळ्याहून आलेली बाटली

अंबाजोगाईत बसस्थानकासमोरच्या गल्लीत माझी लॅब होती. तेवीस वर्षं तिथं बसून मी रक्त, लघवी, थुंकी आणि पुरुषांचं वीर्य तपासलं. या शेवटच्या गोष्टीचं नाव चारचौघांत कुणी घेत नाही. ते दिवाळी अंकात घ्यावं की नाही, यावर घरी बायकोशी दोन दिवस बोलणं चाललं होतं. शेवटी ती म्हणाली, "सांगायचं तर तेच सांगा. बाकीचं सांगून काय करणार?" तिला सगळं माहीत आहे. म्हणून सांगतो.

मी डॉक्टर नव्हतो, तरी खेड्यातली माणसं डॉक्टरच म्हणत. पांढरा कोट घातला की पुरे. बारावीनंतर लॅबचा कोर्स केला, दुसऱ्याच्या लॅबमध्ये चार वर्षं काचा धुतल्या, सुया टोचल्या आणि नव्वदीच्या सुरुवातीला स्वतःची पाटी लावली. तो काळच पाट्यांचा होता. गल्लीत एसटीडी बूथ आला, शेजारी केबलवाल्याचं ऑफिस आलं, वरच्या मजल्यावर सोनोग्राफी आली. अंबाजोगाई मेडिकल कॉलेजचं गाव. परळी, केज, धारूरकडची माणसं दवाखान्यासाठी आधीपासूनच इकडं येत. आता खासगी दवाखाने वाढले आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारख्या लॅब उघडल्या. तपासायचो मी आणि रिपोर्टवर सहीही माझीच. डॉक्टरची सही कुठाय, असं तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

मूल होत नाही म्हणून तपासायला आलेला पुरुष मला दारातूनच ओळखू यायचा. तो एकटा येत नसे. बरोबर एखादा मित्र असायचा, आणि मित्रच जास्त बोलायचा. एकदा असेच दोघं बाकावर बसले होते. मित्र म्हणाला, "घाबरतो कावून बे? सुई थोडीच टोचायची हाय." दुसरा खाली बघत म्हणाला, "सुई परवडली बे."

तपासणी तशी साधी. तीन-चार दिवस बायकोपासून लांब राहायचं, आणि रुंद तोंडाच्या कोरड्या स्वच्छ बाटलीत नमुना द्यायचा. तो अर्ध्या तासात माझ्या हातात पडला पाहिजे. याचं कारण असं, की वीर्य बाहेर आल्या आल्या गोठतं, साबुदाण्याच्या खिरीसारखं गुठळीदार होतं. वीस-पंचवीस मिनिटांत ते आपोआप पातळ होतं. मग एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्यातले शुक्रजंतू किती पळतायत, किती जागच्या जागी वळवळतायत, किती मेलेत. नंतर बारीक चौकोन आखलेल्या काचेवर ते मोजायचे. उशीर झाला की ते मरगळतात, आणि मग तपासणीला अर्थ राहत नाही.

माझ्याकडं त्यासाठी वेगळी खोली नव्हती. मागं पत्र्याच्या दाराचा संडास होता आणि त्याच्या भिंतीला लागून केबलवाल्याची पोरं दिवसभर बसलेली असायची. तिथं कोण जाणार? म्हणून लोक नमुना बाहेरून आणत. गावातले घरून आणत, खेड्यातले समोरच्या लॉजवर खोली घेऊन आणत. एक शाळामास्तर होते, त्यांच्या नमुन्यात एकही हलणारा सापडला नाही. मी रिपोर्ट दिला तेव्हा ते बाकावर मटकन बसले. बाटली कशी धुतली विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच स्वच्छ म्हणालात, म्हणून फिनेलनं धुतली." पुढच्या आठवड्यात कोरी बाटली मी माझ्या हातानं दिली. वर्षभरानं मास्तर पेढे घेऊन आले.

एक म्हातारी मुलाबरोबर आली होती. मुलगा बाहेर तोंड लपवून उभा होता आणि ही माझ्यासमोर ठाण मांडून बसलेली. "मला दाव," म्हणाली. मी स्टूल ओढून तिला मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे तर लई हायत की रे. जत्राच हाय. मग घरात कावून येत न्हाईत?" मी म्हणालो, "आजी, आता सुनबाईंच्या तपासण्या करा." ती म्हणाली, "तिच्या तीन वर्षं झाली चालू हायत. ह्याची आज केली."

त्या आजीनं एका वाक्यात आमच्या धंद्याची रीत सांगितली होती. मूल न होण्याची कारणं दोघांतही सापडतात. बाईची गर्भनळी बंद असते, बीज वेळेवर तयार होत नाही, कधी गर्भपिशवीला क्षय झालेला असतो. पुरुषात जंतू कमी असतात, दुबळे असतात, किंवा नसतातच. नसण्याचं एक कारण म्हणजे वयात आल्यावर झालेले गालगुंड, ते कधी कधी खाली उतरून अंडकोषाचं नुकसान करून जातात. पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी. सुई नाही, भूल नाही, अर्ध्या तासाचं काम. म्हणजे ती पहिली व्हायला पाहिजे. आमच्याकडं ती शेवटची व्हायची. तोवर बाईची पिशवी दोनदा साफ करून झालेली असायची, नळीत औषध सोडून फोटो काढून झालेला असायचा, नवसासाठी कपिलधारच्या धबधब्याखाली अंघोळ घालून झालेली असायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका लेडी डॉक्टरचा दवाखाना होता. त्यांना सगळे मॅडमच म्हणत. बाई कडक होत्या. नवऱ्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय त्या बायकोला टेबलावर घेत नसत, म्हणून त्यांच्या दवाखान्यातून पुरुष माझ्याकडं यायचे. माझी लॅब निम्मीअधिक त्यांच्या चिठ्ठ्यांवर चालायची.

अशीच एक चिठ्ठी घेऊन महादेव आला. सिरसाळ्याचा. तिथं त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. लग्नाला सहा वर्षं झालेली. बायको संगीता त्याच्यामागं दोन पावलं उभी होती. मॅडमना तिचं पोट दुर्बिणीतून बघायचं होतं, पण आधी ह्याचा रिपोर्ट हवा होता. मी बाटली दिली आणि समोरच्या लॉजचं सांगितलं. तो म्हणाला, "लॉजवर नगं साहेब. तिथं आमच्या गिऱ्हाइकांची येजा असती. मी घरूनच आणतो."

मी म्हणालो, "सिरसाळ्याहून परळीला गाडी बदलून यायला दोन तास लागतात. चालणार नाही."

"बघतो कसं जमतं ते," म्हणून तो गेला.

चार दिवसांनी सकाळी साडेदहाला तो आला. शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढून त्यानं टेबलावर ठेवली. मी विचारलं, "किती वाजता दिलं?"

"आठला."

"कुठं?"

"घरी. लगेच गाडीत बसलो."

मी बाटली उचलली. ती कोमट होती. ते एक वेळ खिशातल्या उबेनं म्हणता आलं असतं. पण मी ती तिरकी केली तर आतलं वीर्य हललं नाही. ते गोठलेलं होतं, खिरीसारखं. अडीच तासांपूर्वीचं वीर्य असं नसतं. ते पाण्यासारखं झालेलं असतं.

मी ते पातळ व्हायची वाट पाहिली. महादेव बाकावर बसून राहिला. पंधरा मिनिटांनी थेंब काचेवर घेतला. आत डबक्यात बेडकाची पिल्लं पळावीत तसे सगळे पळत होते. मायक्रोस्कोप खिडकीशी होता, उजेडासाठी. मान वर केली तर समोर लॉजच्या पायरीशी मोटारसायकलवर एक तरुण बसलेला दिसला. महादेवचं नाक, महादेवचं कपाळ, कपाळावर तसंच भस्म. तो आमच्या दाराकडं बघत होता आणि माझी नजर जाताच त्यानं तोंड फिरवलं.

मला सगळं कळलं. तेव्हा संशय होता, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. संशय नव्हता. कळलं होतं.

महादेव उठून टेबलापाशी आला. "कसं हाय साहेब?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. "फार चांगलं आहे."

"मग तसंच लिवा," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक होता. "थोडं सांभाळून घ्या."

मी काय करायला हवं होतं, ते माझ्या हाताखाली शिकणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. नमुना परत करायचा, वेळ जुळत नाही म्हणून शेरा मारायचा आणि पुन्हा बोलवायचं. निदान मॅडमना तोंडी तरी सांगायचं. मी रिपोर्ट लिहिला. नमुना दिल्याची वेळ, सकाळी आठ. ठिकाण, घर. संख्या उत्तम, हालचाल उत्तम. सही केली आणि लाकडी शिक्का मारला.

का केलं, हे मी खूपदा स्वतःला विचारलं आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नवी लॅब उघडली होती, तिथं नमुने परत पाठवत नाहीत असं ऐकून होतो, हे एक. पण खरं कारण ते नाही. मला त्याची दया आली. आमच्या धंद्यात पुरुषाचं तोंड सांभाळायची एक सवय लागते. आकडा वाईट आला की आपण आवाज खाली आणतो, "थोडे कमी आहेत" म्हणतो, गोळ्यांनी होईल म्हणतो. ही सवय मला चांगुलपणाची वाटायची. त्या दिवशी एका पुरुषाचं तोंड सांभाळताना दोन पावलं मागं उभी राहणारी बाई माझ्या डोळ्यांपुढं आली नाही.

मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि संगीताला भूल देऊन दुर्बिणीतून तपासलं. काही सापडलं नाही. नळ्या मोकळ्या, पिशवी निरोगी. मग दीड वर्ष गोळ्या, इंजेक्शनं आणि दर महिन्याला रक्त. ते रक्त काढायचो मी. हार्मोन्सची तपासणी आमच्याकडं होत नसे, म्हणून ते बर्फाच्या डब्यात घालून कुरिअरनं पुण्याला पाठवायचो. संगीता पहाटेच्या गाडीनं यायची आणि हात पुढं करून भिंतीकडं बघत बसायची. मला भाऊ म्हणायची. तिच्या हातांच्या शिरा बारीक होत्या, कधी कधी दोनदा टोचावं लागे. एकदा मी माफी मागितली तर म्हणाली, "टोचा भाऊ. सवय झालीय."

एका खेपेला तिनं सुई निघायच्या आत विचारलं, "भाऊ, माझ्यात काय न्हाई म्हणत्यात मॅडम. त्यांच्यात काय न्हाई म्हणलात तुमी. मग कुणात हाय?"

मी म्हणालो, "कधी कधी कारण सापडत नाही."

हे वाक्य खोटं नाही. काही जोडप्यांत खरंच कारण सापडत नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनाही सापडत नाही. मी त्या वाक्याआड उभा राहिलो. तिनं कापसाचा बोळा दाबून धरला आणि म्हणाली, "सासूबाई म्हणत्यात, सापडत न्हाई ते बाईतच असतंय."

पुढच्या उन्हाळ्यात तिचे वडील आले. तिला त्यांना आबा म्हणताना मी ऐकलं होतं. कपिलधारच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या कागदात. त्यांनी नेमका माझा कागद काढून माझ्यापुढं धरला.

"साहेब, मला इंग्रजी वाचता येत न्हाई. जावयाचा हाच का रिपोर्ट?"

"हो."

"त्यात काय दोष न्हाई म्हणून लिवलंय?"

"हो."

"उद्या सिरसाळ्याला बैठक हाय. दोनी घरची माणसं बसणार. ते दुसरं लग्न करायचं म्हणत्यात. पोरगी म्हणती, आबा, माझ्यात न्हाई. म्हणून म्हणलं आपण सोता जाऊन विचारावं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे खरं हाय का, एवढंच सांगा. तुमी म्हणलात तर मी उद्या बोलीन. न्हाई तर गप बसतो."

लॅबमध्ये दोन पेशंट होते. बाहेर एसटीडी बूथवर कुणीतरी मोठ्यानं कांद्याचा भाव विचारत होतं. मी त्यांना आत बसवू शकलो असतो, मॅडमकडं घेऊन जाऊ शकलो असतो. "पुन्हा तपासा" एवढे दोन शब्द पुरे होते.

मी म्हणालो, "रिपोर्ट खरा आहे."

त्यांनी कागदाची चौपदरी घडी घातली. "मग आमच्याच पोरीत हाय म्हणायचं," असं स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं बघून हात जोडले. "उपकार झाले साहेब. उगंच खोटं बोललो असतो तिथं."

फारकत झाली. सिरसाळ्याकडच्या पेशंटकडून मला कळलं. तीन महिन्यांत महादेवनं दुसरं लग्न केलं.

मी एवढं केलं, की त्याच महिन्यात लॅबच्या मागच्या बाजूला विटांची छोटी खोली बांधली, आतून कडी, वर दिवा, आणि नियम केला. वीर्याचा नमुना इथंच द्यायचा. बाहेरचा घेणार नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. त्याचं मला तेव्हा समाधान वाटायचं. आता वाटतं, जिला गरज होती ती गेल्यावर केलेली ती सोय होती.

तीन वर्षांनी महादेव पुन्हा आला. दुसऱ्या बायकोलाही दिवस जात नव्हते आणि मॅडमनी पुन्हा चिठ्ठी दिली होती. तो म्हणाला, "घरून आणतो."

मी मागच्या खोलीकडं बोट केलं. तो बराच वेळ उभा राहिला. मग बाटली घेऊन आत गेला.

त्या नमुन्यात काही नव्हतं. मी पाच काचा बघितल्या. मग उरलेलं मशीनमध्ये फिरवून तळ बघितला. तिथंही एक नाही. दुपारची वेळ होती, मी पुढचं दार लोटून घेतलं आणि त्याला समोर बसवलं.

"एकही नाही, महादेवराव. लहानपणी गालगुंड झाले होते का?"

"सोळाव्या वर्षी. महिनाभर पडून होतो. खाली सूज आलती." तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. "तवा गावातला वैदू आईला काहीतरी म्हणला होता. आईनं मला कधी सांगितलं न्हाई. पण ती रडली होती."

"मागच्या वेळचं तुमच्या भावाचं होतं."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुमाला ठावं होतं?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

तो रागावेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, तो खजील होईल. तो म्हणाला, "मग बोलला न्हाईत कावून? एकदा तरी म्हणायचं की साहेब, हे तुझं न्हाई म्हणून. मी तितंच रडून मोकळा झालो असतो. भाव लहान हाय, तो मला काय बोलणार. आईला बोलायचं न्हवतं. तुमीच एक होता." मग जरा वेळानं, "संगीता लई चांगली होती."

त्या दिवशी मला कळलं, की ज्याचं तोंड मी सांभाळलं असं समजत होतो, त्याचंही मी काही सांभाळलं नव्हतं.

मी उठून त्याला घेऊन मॅडमकडं गेलो आणि माझा भागही सांगितला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "शिनगारे, त्या मुलीच्या पोटाला मी छिद्रं पाडली. तुमच्या सहीवर." महिनाभर त्यांच्याकडून एकही चिठ्ठी आली नाही. मग पुन्हा यायला लागल्या, पण प्रत्येक चिठ्ठीवर खाली एक ओळ असायची, 'नमुना तुमच्यासमोर घेतल्याची खात्री करा.' महादेवनं दुसऱ्या बायकोला मॅडमच्या केबिनमध्ये स्वतः सांगितलं. ती राहिली. पुढं त्यांनी भावाची धाकटी मुलगी दत्तक घेतली.

निघताना मी त्याला विचारलं होतं, "संगीताला सांगू का? तुमची परवानगी असेल तर." कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, हा आमचा नियम. एवढं सगळं झाल्यावर मला तो नियम आठवला.

"सांगा," तो म्हणाला. "मला तोंड न्हाई. आणि आठ वर्षं ती माझ्या घरात बोलणी खात गप राहिली. सांगा."

त्यानंतरही मी दोन वर्षं गेलो नाही. कामं होती, असं म्हणता येईल. कामं नेहमीच असतात. शेवटी बायकोनं एका रविवारी माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "आज जाऊन या."

मांजरसुंब्याला उतरून काळ्या-पिवळ्या जीपनं संगीताच्या माहेरच्या गावात गेलो. संगीताचं घर विचारताच एका दुकानदारानं सहज माहिती दिली. तिला गावातच दिलं होतं, एका बिजवराला. त्याला आधीची दोन मुलं, आणि त्यानं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं. "त्याला लेकरांना सांभाळणारी पायजे होती, आणि सोताचं लेकरू न होणारी," दुकानदार म्हणाला. "ही वांझ. बरं जमलं दोघांचं."

माझ्या एका कागदानं तिचं एक लग्न मोडलं होतं एवढंच मला वाटत होतं. दुसरं त्यानंच जमवलं होतं. आणि तिच्यात दोष नव्हता हे आता मूल होऊन सिद्ध व्हायचीही वाट राहिली नव्हती.

संगीता ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. थोडी जाड झाली होती, केसांत पांढरं दिसत होतं. मला ओळखलं. "भाऊ?" म्हणाली आणि पदर सावरून उठली. आठवीतला एक मुलगा पुस्तक घेऊन शेजारी बसला होता. तिनं त्याला पाणी आणायला पाठवलं. तो "आई, तांब्या कुठाय?" म्हणून आतून ओरडला.

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं. बाटली, गोठलेलं वीर्य, लॉजच्या पायरीवरचा भाऊ, माझी सही. महादेवचा नंतरचा रिपोर्ट. ती शेंग फोडायची थांबली होती, शेंग हातात तशीच होती.

"तुमच्यात दोष नव्हता," मी म्हणालो. "कधीच नव्हता."

ती म्हणाली, "मला ठावं होतं भाऊ."

तिनं हातातली शेंग फोडली आणि दाणे पदरात टाकले. मला वाटलं, आता निघावं. मी लेटरहेड नेलं होतं. पाहिजे तर लिहून देतो म्हणालो. तिनं मान हलवली. "कागद मागं एक दिलता तुमी." मग आतल्या खोलीकडं बघितलं. "आबा माझ्यापाशीच असत्यात आता. त्यांना सांगा. त्यांनी बैठकीत सगळ्यांम्होरं मान खाली घातली होती. घरी आल्यावर मला म्हणले, मी सोता जाऊन विचारून आलोय. तवापासून माझ्याशी नीट बोललं न्हाईत."

आत बाजेवर आबा बसले होते. टोपी तीच, अंगानं वाळलेले. मी जवळ जाऊन हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले.

दारातून संगीता म्हणाली, "मोठ्यानं सांगा भाऊ. त्यांना ऐकू येत न्हाई."

मी आवाज चढवला. त्यांनी कानाशी हात नेला. "कोण आलंय?"

"लॅबवाला," मी ओरडलो. "अंबाजोगाईचा. तुम्ही रिपोर्ट विचारायला आला होता."

"हां. रिपोर्ट. काय झालं त्याचं?"

"तो खोटा होता."

"काय होता?"

तेवीस वर्षांत मी लोकांना असल्या गोष्टी नेहमी हळू आवाजात सांगितल्या. आता भिंतीला भिंत लागलेल्या त्या गल्लीत मी पूर्ण छाती भरून ओरडलो, की रिपोर्ट खोटा होता, मला माहीत असून मी खरा म्हणालो, दोष जावयात होता, संगीतात नव्हता. बाहेर चुलीशी बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. कुणाचं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. शाळेतला तो मुलगा तांब्या घेऊन दारात थांबला.

आबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी माझ्याकडं नाही, दारातल्या लेकीकडं हात पुढं केला. संगीता पुढं झाली नाही. तिथंच चौकटीला टेकून उभी होती, आणि ओसरीवर एकेक करून आलेल्या बायकांना तिनं सरकून जागा करून दिली.

मी घाम पुसला आणि निघायला वळलो.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "अजून एकदा सांगा. शेजारच्या काकू आत्ता आल्यात."

मी पुन्हा सांगितलं.